हिरव्या ठिपक्याखालचं काम

भांडुप,
रविवार, ६ ऑक्टोबर

द्रौपदी,

'प्रिय' लिहिणार होते, लिहीत नाही. तू कशी आहेस, सासूबाईंच्या डोळ्यातले थेंब वेळेवर चालू आहेत का, अनयची सहामाही कधी, हे विचारायची रीत असते म्हणून विचारते. इकडे सगळं ठीक. श्रुतिका ऑफिसला जाते-येते, तिचे बाबा दुपारी जेवून आडवे होतात, पाणी पहाटे साडेपाचलाच येतं. झाली विचारपूस. आता मुद्द्यावर येते.

तू माझा फोन का उचलत नाहीस? चौदा वेळा केला. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसते, श्रुतिका म्हणते ब्लॉक केलंय. कंपनीत अकरा वर्षं एका बाकावर बसलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि आता मला ब्लॉक करतेस? शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. तुझ्या कृपेने तेही झालं. पॅकिंगमधला धाकू माहुलला बहिणीकडे जातो, त्याच्या हाती पाठवतेय. त्याला निदान चहा तरी दे, त्याने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

सत्तावीस तारखेला काय झालं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तरी लिहिते, कारण तू काय करून बसलीस ते तुला एकदा कागदावर दिसू दे.

अनिरुद्ध सरांनी आपल्या लाइनीतल्या नऊही जणींना वर बोलावलं. टेबलावर परत आलेलं कानाचं मशीन उघडून ठेवलेलं. नखाएवढा बोर्ड मायक्रोस्कोपखाली, त्याचं चित्र भिंतीवरच्या स्क्रीनवर. बोर्डाच्या कडेला हिरवा ठिपका. जिने बोर्ड पुरा केला तिने आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे उद्या काही निघालं तर कोणाचं काम ते कळतं. तुझा जांभळा, माझा हिरवा. सव्वीस वर्षं माझा हिरवाच आहे. सर म्हणाले, मॅडम, हा एक सोल्डरिंगचा टाका ड्राय आहे, वरून चकचकीत, खाली पकडच नाही. मशीन मध्येच बंद पडतं, मध्येच चालू होतं. हे तुमचं काम ना?

मी तोंड उघडायच्या आत तू उठलीस. मायक्रोस्कोपला डोळे लावलेस. बराच वेळ बघत होतीस, काय बघत होतीस देव जाणे. मग सरळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सर, हे काम माझं आहे. माझा मार्कर सुकला होता, म्हणून ताईंचा घेतला."

कोणी सांगितल्यान तुका? माझी आई असती तर अशी मालवणीतूनच सुरू झाली असती तुझ्यावर. कोणी विचारलं होतं तुला? मी काय मुकी आहे?

आता तू म्हणशील, ताई, काम माझंच होतं, मग खरं बोलले तर बिघडलं कुठे. बरोबर आहे. होळीपासून माझा उजवा अंगठा थरथरतो हे तुझ्याशिवाय कंपनीत कोणाला माहीत नाही. घरीही नाही. तुला आठवतं, तू नवीन आलीस तेव्हा बोर्डावर लावायच्या तुकड्यांच्या साइझचे आकडे तुझ्या डोक्यात राहत नव्हते? मीच म्हटलं होतं, आकडे सोड, स्वयंपाकघरातली नावं घे. मोठा तो तीळ, त्याहून लहान ती मोहरी, आणि दिसतो न दिसतो तो खसखस. सगळी लाइन आता तेच म्हणते. तीळ आणि मोहरी मी अजून डोळे मिटून लावेन. खसखस चिमट्यात धरली की अंगठा नाचायला लागतो. तू एकदाच बघितलंस आणि काही न बोलता माझा ट्रे ओढून घेतलास. तेव्हापासून तुझी मोहरी मी लावायची आणि माझी खसखस तू. शेवटचा टाका तुझा, म्हणून माझा हिरवा मार्करही तुझ्याच ॲप्रनच्या खिशात. तेव्हा हिरव्या ठिपक्याखाली हात तुझा होता. मी नाही म्हणत नाही.

मला राग आलाय तो तू मला न विचारता केलंस म्हणून. काम सोडल्याच्या कागदावर सही करून माझ्याकडे न बघता जिना उतरलीस म्हणून. माझा दोन पुडांचा डबा तुझ्याकडेच राहिला, तो द्यायलाही थांबली नाहीस. आणि आता काय ऐकते मी? मरोळच्या त्या दुसऱ्या युनिटने तुला बोलावलं, मग आपल्याकडे फोन करून विचारलं, आणि तुला नको म्हणाले. कामाचा दाखला नाही, उलट नावावर चूक. घरात कमावणारी तू एकटी. धाकू सांगत होता, तू इमिटेशनच्या हारांना खडे चिकटवतेस. ज्या हातांनी खसखस उचलायची, ते हात गोंदात. मला इतकी चीड आली की मी धाकूलाच फाडून खाल्लं.

तर आता माझं ऐक. सर वाईट माणूस नाही. ये, त्यांना भेट. चूक कोणाकडून होत नाही? तुझ्याकडून झाली. माफी माग, निदान दाखला तरी पदरात पाडून घे. मी तुझ्या बाजूने बोलेन.

फोन उचल.

अनुपमा
(ताई म्हणायचं की नाही ते तुझं तू बघ.)

ता. क. कुठल्या दिवसाचा लॉट होता ते मी बघितलं नाही. बघायची गरज काय?


भांडुप,
रविवार, १३ ऑक्टोबर

द्रौपदी,

दसऱ्याचं सोनं घे, लांबूनच. बरी असशील. मी बरी आहे.

धाकू म्हणाला, तू त्याला चहा दिलास, बिस्किटं दिलीस, आणि माझं पत्र न फोडता पिठाच्या डब्याखाली सारलंस. पिठाच्या डब्याखाली! लाइट बिल आहे ते? मी दीड तास बसून लिहिलं, तीन कागद फाडले, मान आखडली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते तुझ्यासारखीलाच. आयर्न कसं धरायचं ते तुला मी शिकवलं, टिपेला आधी कथील कसं पाजायचं ते मी शिकवलं, श्वास सोडून मग टाका द्यायचा ते मी शिकवलं. आणि तू मला पिठाखाली ठेवतेस.

शुक्रवारी कंपनीत पूजा झाली. मार्तंडने दरवर्षीसारखा नारळ फोडला आणि त्याचं पाणी दरवर्षीसारखं स्वतःच्या शर्टावर उडवून घेतलं. सुपरवायझर झाला तरी नारळ काही जमत नाही त्याला. आम्ही सगळ्यांनी आपापली आयर्नं पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तुझ्या आयर्नला कोणी हात लावेना. जणू ते सुतकातलं. मला राग आला, मी उठले, पुसलं, दोन फुलं वाहिली. तुझा चिमटा खणात होता तोही पुसला. सगळ्या बघत होत्या. बघू देत.

तुझ्या खुर्चीवर नवीन मुलगी बसते. अशा सहा आल्यात, आणि मला त्यांची ट्रेनर केलंय. म्हणजे पगारी मास्तरीण. सर म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखा हात नाही कोणाचा, तुम्हीच शिकवा. मी काय बोलणार? तीळ शिकवला, मोहरी शिकवली. खसखशीचा दिवस आला तेव्हा म्हटलं, आज माझी टिप खराब आहे, स्क्रीनवर व्हिडिओ बघा. त्या पोरींनी मान डोलावली. नाचता येईना अंगण वाकडं, आणि त्या अंगणाला नमस्कार करणाऱ्या सहा पोरी. मला इतकी लाज वाटली की जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच टेरेसवर जाऊन बसले.

आणखी एक सांगायचं आहे. सांगायचं नव्हतं, पण मग कोणाला सांगू?

बुधवारी ट्रेनिंगचे फॉर्म घ्यायला सरांच्या केबिनमध्ये गेले. सर फोनवर बाहेर गेले होते. टेबलावर ती फाइल उघडी, परत आलेल्या मशीनची. वरच त्या मुलीच्या आईच्या अक्षरातला कागद. मी वाचला. दुसऱ्याचं वाचू नये, माहीत आहे. तिने लिहिलं होतं, मुलगी साडेचार वर्षांची आहे. मशीन घातल्यावरही ऐकत नाही. बालवाडीच्या बाई रोज तक्रार करतात, ही मुद्दाम ऐकत नाही, हट्टी आहे. आम्हीही दोन-तीनदा फटके दिले. नंतर समजलं की मशीनच मध्ये मध्ये बंद पडत होतं.

चारदा वाचला मी तो कागद. ऐकत नाही म्हणून मारलं, आणि तिला ऐकूच येत नव्हतं. कोणावर रागवायचं सांग. त्या आईवर? तिला काय कळणार बिचारीला. बाईंवर? मला वाटतं मी सगळ्यांवरच रागावलेय. तुझ्यावर सगळ्यात जास्त.

खाली बोर्डाचा नंबरही होता. सत्तेचाळीस. सहा ऑगस्टचा, लहान मुलांच्या मशीनचा लॉट. म्हणजे एक्केचाळीस ते साठमधला, जेवणानंतरचा. आता सहा ऑगस्टला काय झालं ते मला आठवत नाही. दोन महिन्यांपूर्वीचं कोणाला आठवतं? तू सासूबाईंच्या ऑपरेशनला हाफ-डे टाकून गेली होतीस तो दिवस वेगळा. तो सात तारखेला असेल. किंवा आठ. मला खात्री आहे.

श्रुतिका पाठीमागे येऊन उभी राहिली आणि कागदावर डोकावली. म्हणाली, "आई, तू ओरडतेस नक्की कोणावर?" मी तिला म्हटलं, जा, कुकर लाव. ती गेली, पण कुकर लावला नाही. दारात उभी राहून म्हणाली की पत्रं काय लिहितेस, तुझ्या सरांशी जाऊन बोल ना. हल्लीच्या पोरींना सगळं सोपं वाटतं.

तू काही तरी बोल. शिव्या घाल हवं तर. मला हे तुझं गप्प बसणं सहन होत नाही. तुला वाटतं ना की तू फार मोठं काम केलंस? कोणाच्या उपकाराखाली राहायची सवय नाही मला. नव्हती कधी.

डबा परत पाठव. आम्हाला लागतो.

अनुपमा


भांडुप,
गुरुवार, २४ ऑक्टोबर

प्रिय द्रौपदी,

आज कामाचा वार असून घरी आहे. का ते पुढे लिहिते.

डबा मिळाला. धाकूने हातात ठेवला तेव्हा हलका लागला. मनात म्हटलं, बघा, रिकामा डबा परत पाठवू नये एवढीही रीत सोडली हिने. चिमूटभर साखर तरी घालतात. घरी येऊन उघडला. खालच्या पुडात माझा हिरवा मार्कर. जुना, टोपणाला माझे दात लागलेला.

चिठ्ठी नाही, काही नाही. तू कमी बोलतेस, पण बोललीस की वर्मावर. मी तो हातात घेऊन ओट्याजवळच बसले.

सहा ऑगस्टला तो मार्कर तुझ्याकडे होता. दुपारी एक वाजता घाईत ॲप्रन पिशवीत कोंबलास आणि सासूबाईंना घेऊन हॉस्पिटलात गेलीस, तेव्हा तो खिशातच राहिला. सात नव्हती, आठ नव्हती. सहाच होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरांनी स्क्रीनवर चित्र लावलं त्या क्षणी माहीत होतं. खाई त्याला खवखवे, म्हणून तर चौदा फोन केले तुला.

आता सगळं लिहिते. मला मध्ये थांबवू नकोस.

जाताना तू म्हणाली होतीस, ताई, वीस बोर्डांची खसखस राहिलीय, ट्रे झाकून ठेव, सकाळी येऊन मी करते, तू हात लावू नकोस. मी हो म्हटलं. तीन वाजता मार्तंड आला, म्हणाला पाचपर्यंत लॉट हवा. मी उद्या देते म्हटलं असतं तर तो चार शब्द बोलला असता, आणखी काही नाही. त्याच्या चार शब्दांना मी कधी भीक घातली? पण मी नाही म्हटलं नाही. मला बघायचं होतं. सव्वीस वर्षं ज्या हाताला लोक नावाजतात त्याला एवढंसं जमत नाही, हे मला मान्यच नव्हतं. रोज माझा ट्रे तुझ्याकडे सरकताना बघायचे, आणि तुला कधी सांगितलं नाही. तुझा राग यायचा. तू माझ्यासाठी करायचीस आणि मला तुझा राग यायचा. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

मी कोपर टेकलं, श्वास सोडला, बसवायला लागले. सात-आठ तुकडे उडाले, कुठे गेले ते सापडलेही नाहीत. बाकीचे बसले. वरून चकचकीत. टेस्टिंगला वीसच्या वीस पास. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी स्टेशनबाहेर थांबून जिलबी घेतली. श्रुतिकाच्या बाबांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, खावीशी वाटली.

ठिपका द्यायला मार्कर नव्हता. पर्समध्ये श्रुतिकाचं जेल पेन होतं, राखीच्या पाकिटांवर नावं घालायला आणलेलं, हिरवं, चमकीचं. त्याने दिले. डोळ्यांना दोन्ही हिरवे सारखेच दिसतात. मायक्रोस्कोपखाली चमकी दिसते. तू इतका वेळ तेच बघत होतीस. तू चमकी बघितलीस, तुला कळलं, आणि तरी तू सरळ उभी राहून काम माझं आहे म्हणालीस. आणि मी ऐकून घेतलं. तुझ्या पाठीमागे उभी राहून मी गप्प बसले, आणि घरी येऊन तुलाच पत्रात शिकवलं, चूक झाली, माफी माग.

सात तारखेला सकाळी तू विचारलं होतंस, ताई, एकदा बघू का ते वीस? मी म्हटलं, मला शिकवतेस? तू गप्प बसलीस. या एका गोष्टीसाठी मात्र मी तुझ्यावर आजही रागावणार, आणि हा राग खरा आहे. तेव्हा हट्ट धरायचा होतास. ट्रे ओढून घ्यायचा होतास, होळीला ओढलास तसा. माझा मान राखत बसलीस. कसला मान, आगीत घाल तो मान.

आई तक्रारीत लिहिते, मुलगी ऐकत नाही. ऐकत मी नव्हते, द्रौपदी.

मार्कर हातात घेऊन बसले होते तेव्हा आकडा डोक्यात आला. म्हणजे होताच, मी त्याच्यावर पिठाचा डबा ठेवला होता. वीस केले होते. एक परत आला. एकोणीस कुठे आहेत?

तू चूक अंगावर घेतलीस आणि सरांनी फाइल बंद केली. एका बाईचा एक ड्राय टाका, बाईला घरी बसवलं, संपलं. ते एकोणीस कोणी विचारलेच नाहीत. तुला वाटलं तू मला झाकतेस. त्या एकोणीस पोरांनाही झाकलंस तू, आणि मी वरून आणखी झाकण लावलं. हेही तुला सांगणं भाग आहे, कडू लागलं तरी.

मंगळवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. तो मार्कर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, बोर्ड मागवा. ते म्हणाले, मॅडम, रिपोर्ट क्लोज झालाय, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, आत्ता. बोर्ड आला. शेजारी मार्करचा ठिपका दिला आणि म्हटलं, दोन्ही बघा. त्यांनी बघितलं. हुशार आहेत, दोन मिनिटं लागली. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि मला समजावायला लागले. नाव कशाला खराब करता, तुम्हाला चारच वर्षं राहिलीत, ती बाई तर गेलीच आहे. आणि बाकीचे चालत असतील, एकच तर परत आला ना?

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला नाही, पण उभी राहिले.

"सर, ती पोरं सांगणार कशी? मशीन बंद पडलं हे त्यांना कळत नाही. घरच्यांना वाटतं पोर ऐकत नाही. परत काय येणार, फटके पडतात."

मी त्यांच्यासमोर एक खसखस चिमट्यात उचलली आणि हात पुढे धरला. अंगठ्याने जे काय नाचायचं ते नाचून दाखवलं. मी म्हटलं, होळीपासून असं आहे, आणि होळीपासून माझी खसखस द्रौपदीने लावलीय. एकही परत आली नाही. जे वीस मी लावले त्यातला परत आला. आता तुम्ही लिहिता की मी लिहू?

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग फोन उचलला.

काल संध्याकाळपर्यंत एकोणीसपैकी अकरांचे पत्ते लागले. त्यातल्या तिघांच्या घरी म्हणे हीच रड चालू होती, आणि कोणी कंपनीला कळवलंच नव्हतं. आठ अजून शोधतायत. रिपोर्टवर तुझं नाव खोडून माझं घातलं, माझ्यासमोर. खाली मी सही केली. अंगठा थरथरला, सही वेडीवाकडी आली, पण माझीच आहे. मला लाइनीवरून उतरवलंय, पुढे काय ते दिवाळीनंतर ठरवतील. घरी सगळं सांगितलं. श्रुतिकाचे बाबा माझा हात हातात घेऊन अंगठा बघत राहिले. मला तेही आवडलं नाही. शनिवारी डॉक्टरकडे घेऊन जातायत.

तुझा दाखला सोबत आहे. शिक्का नीट उमटलाय ना ते बघून घे, मी दोनदा मारून घेतला. तो घेऊन तू मरोळच्या त्या युनिटमध्ये जाऊ शकतेस, कुठेही जाऊ शकतेस. पण सर विचारत होते की त्या एकोणीस बोर्डांची खसखस काढून परत लावणार कोण. लाइनीत कोणाचा हात बसत नाही. मी म्हटलं, मी निरोप देते, हो म्हणायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. सोमवारी पहिले बोर्ड येतील. पोरांचे कान तोवर रिकामे आहेत. तुला कंपनीचा राग असेल, असायलाच हवा. माझाही असेल. तो ठेव. राग ठेवूनही टाका देता येतो, मी सव्वीस वर्षं दिलाय.

मी तिथे नसेन. तुझं आयर्न पुसलेलं आहे. तुझा चिमटा मी आणला होता, तो डब्यात घातलाय, टोकाला कापूस लावून. म्हणजे डबा रिकामा गेला असं तुझ्या सासूबाई म्हणणार नाहीत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, माफी माग. ते पत्र तू आता वाचलं असशील. फाडू नकोस, ठेव, म्हणजे मी कशी वागले ते तुझ्याजवळ माझ्याच अक्षरात राहील. माफी मी मागते. लगेच करायची नसेल तर करू नकोस.

हे पत्र मी एकटीने पुरं केलंय, तेव्हा नियमाप्रमाणे खाली ठिपका देते. मंगळवारी शेवटचा ठिपका देऊन मार्कर सुकलाय, म्हणून श्रुतिकाचंच जेल पेन घेतलं. उजेडात धरशील तर चमकी दिसेल.

काम माझं आहे.

अनुताई